पीआर झालं की कोणी हाकलू शकत नाही, असं नाहीये

तुमचा प्रश्न वाचून झोपच उडाली. गुन्ह्यात शिक्षा झाली की शरणार्थ्यांचा दर्जा काढून परत पाठवतात हे तुम्ही बातम्यांत बघितलं, आणि विचारताय की आपण तर पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर, कॅनडाला जाणार, मुलगा वयात येतोय, त्याला हे लागू नाही ना. पॉइंट्स, फंड्स वगैरे सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही.

लागू आहे. उलट शरणार्थ्याला जी ढाल आहे ती आपल्याला नाही. शरणार्थ्यांसाठीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे जिथे जिवाला धोका आहे तिथे त्याला सहजासहजी परत ढकलता येत नाही, गंभीर गुन्हा असला तरी हा माणूस इथल्या लोकांना धोकादायक आहे असं सरकारला वेगळं ठरवावं लागतं. आपल्या बाबतीत ही पायरीच नाही. ज्या गुन्ह्याला कायद्यात १० वर्षं किंवा जास्त शिक्षा लिहिलीय त्यात दोषी ठरलं, प्रत्यक्षात नुसता दंड झाला तरी, किंवा ६ महिन्यांच्या वर कैद झाली, की पीआर जाऊ शकतं. डिसेंबर २०१८पासून दारू पिऊन गाडी चालवणंही त्यात आलंय. त्याच वर्षी इथल्या हम्बोल्ट गावच्या हॉकी टीमची बस आणि ट्रक यांची धडक होऊन १६ जण गेले, तो ड्रायव्हर आपल्याकडचाच, पीआरवाला, प्यायलेला नव्हता, आधीचा एकही गुन्हा नाही. ८ वर्षं शिक्षा, आणि २०२४मध्ये डिपोर्टेशनची ऑर्डर. त्या १६ घरांचं दुःख मोठंच आहे, पण त्याच्या बायकोचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचा मुलगा नववीत असताना शाळेत मारामारी झाली. दोघांनीही हात उचलला होता, पण शाळेच्या ईमेलमध्ये 'असॉल्ट' हा शब्द फक्त आमच्याच मुलाच्या नावापुढे. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले, पुढे काही झालं नाही, पण तो शब्द बदला म्हणून मी किती मेल केले, प्रत्येक वेळी एकच उत्तर, नोंद घेतली आहे. अजून राग येतो. नंतर वकिलाकडून कळलं की १८च्या आतल्या मुलाला यूथ कोर्टात झालेली शिक्षा सहसा ह्यात धरत नाहीत. १८ झाली की ते संरक्षण गेलं.

म्हणून ५ वर्षांत कॅनडात राहिल्याचे १०९५ दिवस भरले की सिटिझनशिपचा अर्ज टाका, मुलाचा तुमच्यासोबतच, तो १८चा व्हायच्या आत. भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, त्याऐवजी ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळतं. आमच्याकडे गाडी इथेच अडलीय, ह्यांना पासपोर्ट सोडवत नाही, मला मुलाचं दिसतं, आणि ह्यावर आम्ही आता बोलतच नाही.

एकटेपणाचं विचारलंत, तो असतो, कामात जातो.

आणि देव न करो पण कधी केस झालीच तर गुन्हा कबूल करायच्या आधी वकिलाला सांगा की आम्ही सिटिझन नाही. ६ महिने किंवा जास्त कैद झाली की डिपोर्टेशनविरुद्ध इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपीलच करता येत नाही, एक दिवस कमी असेल तर येतं, आणि शिक्षा ठरवताना जज ही गोष्ट लक्षात घेऊ शकतात, पण कोणीतरी त्यांना सांगायला पाहिजे.