इंदूरहून अंदमानात कयाक गाईड: जा, पण पाऊणकी घरी ठेवून

"जाऊ का?" विचारणारी तुझी पोस्ट दोनदा वाचली. घर इंदूरला, भोपाळच्या तलावावर तीन वर्षं स्प्रिंट कयाक (अरुंद, वल्ह्यानं चालवायच्या होडीची संथ पाण्यावरची सरळ शर्यत), महेश्वरला सहस्रधारेत थोडं स्लालम (खळाळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांमधून वळणं घेत जाणं), आणि आता अंदमानातल्या एका बेटावरून फोन: नोव्हेंबर ते एप्रिल गाईड म्हणून ये, राहणं-जेवण आमचं, पगाराचं आल्यावर बघू. आणि आईचं म्हणणं, नावच वल्हवायची तर महेश्वरला काय नावा नाहीत?

माझ्या आईचं वाक्य अक्षरशः हेच होतं, म्हणून लिहायला बसलो. वयानं तू माझ्या भाचीएवढी असशील, तेव्हा अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

आधीच सांगतो, मी पाच हंगाम केले आणि ते सोडूनही आता काही वर्षं झाली. परवाने, फेरी, दर हे सगळं दरम्यान बदललेलं असणार, ते तिथल्या माणसाकडून ताजं विचारून घे. लाईफ जॅकेट, पोहणं, सनस्क्रीन यावरही बोलत नाही. तीन वर्षं पाण्यात असलेल्या मुलीला ते काय सांगायचं?

मी तुझ्याएवढा असताना मला जे कुणीतरी कान धरून सांगायला हवं होतं, ते भरतीबद्दल आहे.

आमचं आजोळ देवगडकडचं. मामा मासेमारीवाला नाही, पण किनाऱ्यावर वाढलेला. त्यानं लहानपणी मला पाऊणकी शिकवली होती. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. अष्टमी म्हणजे आठ, आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. मुंबई-कोकणपट्टीवर हा हिशेब ढोबळमानानं खरंच जुळतो, मी सुट्टीत कितीदा तरी पडताळून पाहिलेला. इंदुरी पोराला समुद्राची एवढी विद्या येते याचा मला फार तोरा होता. तलावावरच्या मित्रांना भरती म्हणजे पोलिस भरती एवढंच माहीत.

तो तोरा घेऊन मी अंदमानात उतरलो. पहिला महिना वरिष्ठ गाईडच्या मागे मागे गेला, वेळा तो ठरवायचा. मग डिसेंबरात तो आजारी पडला आणि एक सहल माझ्या एकट्यावर आली. दोन डबल कयाकमध्ये चार पाहुणे, मी सिंगलमध्ये. दुपारी खारफुटीच्या खाडीत आत शिरायचं, आतल्या मोकळ्या पाण्यात डबा खायचा, साडेतीनपर्यंत परत. दिवस अमावास्येचा. मी मनातल्या मनात पंधरा पाऊण सव्वाअकरा केलं. साडेबाराला निघालो म्हणजे ओहोटी लागून तासभरच झालेला, दोन-सव्वादोनलाही भरपूर पाणी असणार. झालं, ठरलं.

निघताना डुंगीवाला, म्हणजे तिथल्या लाकडी होडीचा माणूस, जाळं आवरत होता. हिंदीत म्हणाला, "आज पानी जल्दी उतर रहा है, अंदर मत जाओ." मी हसून मान हलवली. माझ्याकडे मामाचा हिशेब होता ना.

भरतीची वेळ प्रत्येक किनाऱ्याची स्वतःची असते. चंद्र तोच, पण समुद्राचा तळ, किनाऱ्याचा आकार, खाडीची तोंडं यावर पाणी कधी पोहोचणार ते ठरतं. मामाचा हिशेब कोकणचा. आमच्या बेटावर त्या दिवशी भरती माझ्या आकड्यापेक्षा जवळपास दोन तास आधीच होऊन गेली होती. मला वाटत होतं ओहोटीचा पहिला तास संपलाय. प्रत्यक्षात चौथा चालू होता. पाणी सहा तास सारख्या वेगानं उतरत नाही हे तुला माहीत असेल-नसेल म्हणून सांगतो. एकूण उताराचे बारा भाग धर: पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत जातं, आणि नेमक्या त्याच वेळात मी चार माणसं आत नेली. त्यातून अमावास्या, म्हणजे उधाणाचं पाणी. चढतं तेवढंच खोल उतरतंही.

परतताना खाडीच्या तोंडाशी आलो तर जिथून आत आलो तिथं पाणीच नाही. चिखलाचा एक आडवा बांध, मध्ये वीतभर ओघळ, आणि दोन्ही बाजूंना श्वसनमुळं वर आलेली, खिळे ठोकलेल्या फळीसारखी. सव्वादोन वाजले होते. एका पाहुण्यानं उतरून कयाक ओढू म्हणून पाय टाकला, तो गुडघ्याच्या वर रुतला. त्याला परत बसवताना त्याची चप्पल गेली, ती अजून तिथंच असेल. खाडीच्या तोंडावर मगरीचा इशारा देणारी पाटी होती. ती पाटी येताना सगळ्यांनी हौसेनं फोटोत घेतली होती, आता तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात खरोखर आहे, ती शोभेची पाटी नाही. मी सगळ्यांना सांगितलं, कुणी उतरायचं नाही, हात आत ठेवा.

नाशिकच्या एक काकू होत्या. ओरडल्या नाहीत, घाबरल्या नाहीत. फक्त विचारलं, "पाणी परत कधी येणार?"

मला सांगता येईना. माझ्या हिशेबानं ओहोटी साडेपाचपर्यंत चालायची होती, पण तो हिशेब चुकलाय हे तर समोरच दिसत होतं. मग मी एक काडी चिखलात रोवली आणि पाण्याची कड कुठं लागते ते बघत बसलो. कड काडीपासून लांब जात राहिली. सँडफ्लाय चावत होत्या. सव्वातीननंतर केव्हातरी कड थांबली आणि मग हळूहळू काडीकडे यायला लागली, तेव्हा कुठं मी काकूंना म्हणालो, दीड तास. पावणेपाचला कयाक तरंगल्या.

आणि इथं दुसरा फटका. अंदमान 92 अंश पूर्व रेखांशाच्याही पुढं, घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच, 82.5 अंशांचं. डिसेंबरात इंदूरला पावणेसहाला सूर्य मावळतो, तिथं पाचलाच. तासाभराच्या अंतराचा शेवटचा भाग आम्ही अंधारातच कापला, पाच जणांत एक हेडलँप. बाहेर वारा नव्हता हे नशीब. माझ्या कर्तबगारीचा त्यात काही भाग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काढलं. योग्य केलं, त्यांच्या जागी मीही काढलं असतं. पण दीड महिन्याचा पगार दिला नाही ते मात्र अयोग्यच. लेखी काही नव्हतं, "आल्यावर बघू" वरच गेलो होतो. तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो, नाव लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी फेरीचं तिकीट मागितलं, बघितलं आणि म्हणाले, तुम्ही आयलँडर, म्हणजे इथले रहिवासी नाही, मग इथले कामगार कसे? दुसऱ्या खिडकीवर गेलो तर हंगामी म्हणजे रोजंदारी की ठेका ते आधी ठरवून आणा. कुणी ठरवायचं? तर ज्यानं काढलं त्यानं. तीन खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला फेरीचं भाडं माझ्या खिशातून, शेवटी सोडून दिलं. इंदूरच्या एखाद्या झोन कार्यालयात जन्मदाखल्यातलं ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून घेतलं असशील तर कल्पना येईल. असो. या विषयावर मी अख्खी रात्र बोलू शकतो.

पुढच्या वर्षी दुसरीकडे काम मिळालं आणि पुढचे चार हंगाम मी कुणाचाही हिशेब डोक्यात ठेवला नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची तक्तेवही काढतो, त्यात बंदरानुसार वेळा आणि उंची असते. आपल्या बेटाला जवळचं बंदर कुठलं आणि तिथल्या वेळेत किती मिनिटं मागंपुढं करायची हे स्थानिक नावाड्याला विचारायचं आणि पहिले पंधरा दिवस स्वतः काडी रोवून तपासायचं. लाटा-वाऱ्याचा अंदाज हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, देतं. हे दोन्ही बघितल्याशिवाय पाहुण्याला कयाकमध्ये बसवायचं नाही, मालक काहीही म्हणो.

मालक म्हणणारच, कारण रात्री पाण्यात चमक दाखवायच्या सहली अंधाऱ्या रात्रीच खपतात. ती चमक डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जिवांची असते, पाणी ढवळलं की दिसते, आणि चांदणं असलं की फिकी पडते. म्हणजे गर्दी अमावास्येच्या आसपास, आणि नेमकं तेव्हाच उधाण. भांगाच्या, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराच्या दिवसांत पाणी मवाळ असतं, पण तेव्हा चंद्र अर्धा असतो आणि रात्रीचा बराच वेळ आभाळात राहतो. या पेचात "आज नाही" म्हणायचा अधिकार गाईडला आहे का, हे तू फोनवर विचारलंस का? पोस्टमध्ये दिसलं नाही. माझ्या मते पगाराच्याही आधी हा प्रश्न. उत्तरादाखल "अहो, तसं काही होत नाही" ऐकू आलं तर जाऊ नकोस.

तुझ्या तयारीबद्दल थोडं खडूस बोलतो. स्प्रिंटची 5.2 मीटरची के-वन, म्हणजे एकटीची कयाक चालवलीस म्हणजे तोल आणि दम आहेच, पण समुद्रावर तुझा जास्त उपयोग महेश्वरच्या त्या थोड्याशा स्लालमचा होईल. लाट बाजूनं आली की पॅडल टेकवून सावरणं तिथं शिकलीस, तलावावर नाही. टी-रेस्क्यू (उलटलेली कयाक आपल्या कयाकवर आडवी ओढून तिच्यातलं पाणी काढणं), दुसऱ्याची कयाक दोरीनं ओढून नेणं आणि पाण्यात घाबरलेल्या, तुझ्यापेक्षा तीस किलो जास्त वजनाच्या माणसाला परत बसवणं, हे तीन प्रकार निघायच्या आधी पन्नास-पन्नास वेळा कर. आणि किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्याला भी. काठाशी पाणी आरशासारखं दिसतं, तलावावरच्या माणसाला ते फार आवडतं, आणि पाचशे मीटर पुढं गेल्यावर परत येता येत नाही.

गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचे जीवरक्षणाचे कोर्स असतात. ती संस्था ग्वाल्हेरच्या पर्यटन संस्थेचीच शाखा, म्हणजे एका परीनं आपल्याच प्रदेशातली. सध्याच्या तारखा त्यांनाच विचार. तटरक्षक दलाचा 1554 नंबर फोनमध्ये टाकून ठेव, आणि व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल 16. फोनला तिथं कुठं रेंज असते आणि कुठं नसते हे आधी पाहून ठेव, खाडीत बहुधा नसतेच.

लेखी काय घ्यावं? मी वकील नाही, पण पगाराचा आकडा, कुठल्या तारखेला मिळणार, हंगाम मध्येच संपला तर किती, आणि खांदा निखळला तर दवाखाना कोणाचा, एवढं तरी व्हॉट्सॅपवर लिहून घे. कागदावर सही देत नसतील तर निदान मेसेज तरी राहू दे. माझ्याकडे तोही नव्हता.

विंग पॅडल, म्हणजे शर्यतीचं वक्र पात्याचं वल्हं, न्यायचं का असं विचारलंयस. नको. पाहुण्यांबरोबर हळू, तासन्‌तास चालवायचं असतं, साधं 220 सेंटिमीटरचं तिथंच मिळेल. हेडलँप मात्र तीन ने. शेव नेणार असशील तर ड्राय बॅगमध्येसुद्धा ती चार दिवसांत मऊ पडते, हे दुःख आधीच पचवून ठेव. बाकी करमेल. स्वराज द्वीपवर (पूर्वीचं हॅवलॉक बेट) जागांची नावं विजयनगर, गोविंदनगर अशी आहेत, मला पहिल्या दिवशी वाटलं रिक्षावाला थेट आपल्या विजयनगर चौराह्यालाच सोडणार.

आईंना बोलायचं असेल तर मला निरोप टाक, माझ्या आईशी जोडून देतो. तिनंही पाच हंगाम हाच प्रश्न विचारला आणि पाचही वेळा मला स्टेशनवर सोडायला आली.