ग्योटिंगेनला येताय, तर...

नवऱ्याला जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालंय, मुलगी दुसरीत आहे, गाव कसं आहे आणि आपला निभाव लागेल का, असं तुम्ही विचारलंत. उत्तर लांबणार आहे, कारण इतकी वर्षं राहूनही या प्रश्नाचं माझं मलाच नीट उत्तर सापडलेलं नाही. व्हिसा, विमा, बँकेचं खातं यांची माहिती विद्यापीठ स्वतः व्यवस्थित देतं, ती मी सोडते.

गाव देखणं आहे. वस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर, त्यात वीस हजारांहून जास्त विद्यार्थी. जुन्या गावाभोवती तटाचा उंचवटा शिल्लक आहे, त्यावर झाडं आणि पायवाट. तासाभरात गावाला प्रदक्षिणा होते. आल्या आल्या एकदा तिघांनी घालाच. बाजारचौकात हंस सांभाळणाऱ्या मुलीचा पुतळा आहे, गेन्झेलीझेल. डॉक्टरेट मिळाली की लोक सजवलेल्या गाडीतून मिरवत येतात, कारंज्यावर चढून तिचा मुका घेतात आणि फुलं वाहतात. मुलीला हे फार आवडेल.

जुन्या घरांवर पाट्या आहेत, इथे कोण कधी राहत होतं त्यांच्या. गणितज्ञ गाउस, परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू. विद्यापीठ १७३७ मध्ये रीतसर सुरू झालं आणि बरोबर शंभर वर्षांनी हानोव्हरच्या, म्हणजे तेव्हा हे गाव ज्या राज्यात होतं तिथल्या, राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. सातही जणांच्या नोकऱ्या गेल्या, तिघांना राज्य सोडावं लागलं. परीकथावाले दोघे ग्रिम त्या सातांत होते. शहराच्या दफनभूमीत भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक आहे, गणितज्ञ हिल्बर्ट आहे. मला मात्र गणितज्ञ एमी न्योटर जवळची वाटते. बाई आहे म्हणून विद्यापीठ तिला शिकवायचा अधिकार देईना, तेव्हा हिल्बर्टच्या नावाने जाहीर झालेली व्याख्यानं ती देत असे. १९१९ मध्ये अधिकार मिळाला, आणि १९३३ मध्ये ज्यू म्हणून काढून टाकलं.

आपल्याकडचा एक धागाही आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पंधरा वर्षं संस्कृत शिकवून फ्रान्झ कीलहॉर्न १८८२ च्या सुमारास इथे प्राध्यापक झाले. रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये याच विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. हे कळलं त्या दिवशी मला उगाचच बरं वाटलं होतं.

आता कागद. निघण्यापूर्वी तिघांच्या सगळ्या कागदांवरची नावं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. माझ्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव नुसतंच, आडनावाशिवाय. इथल्या एका कचेरीत मला विचारलं, दाखल्यावरची ही बाई कोण? पोटच्या पोरीची आई मीच, हे सिद्ध करायला नगरपालिकेतून नवा दाखला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, शपथबद्ध अनुवादकाकडून त्यांची भाषांतरं, असं महिनोन्‌महिने चाललं. शिवाय मधलं वडिलांचं नाव इथे मुलीचंच दुसरं नाव धरतात. शाळेच्या हजेरीत माझी लेक कित्येक दिवस वडिलांच्या नावाने ओळखली गेली आणि घरी येऊन रडली.

शाळेचं बोलायचं तर माझा हात अजून थरथरतो. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. पुढे विद्यापीठात जायचं तर सरळ रस्ता गिम्नाझियमचा. लेक गणितात वर्गात पुढे होती, जर्मन अजून अडखळत होतं. चौथीत बाईंनी आम्हाला बोलावलं आणि तिच्यासमोरच म्हणाल्या, गिम्नाझियम हिला झेपणार नाही, आणि घरी तुम्ही जर्मन का बोलत नाही? मला तेव्हा तोडकंमोडकं जर्मन येत होतं. मी नुसती बसून राहिले. या राज्यात शाळा फक्त सल्ला देते, शेवटचा निर्णय आईवडिलांचा असतो. हे त्या खोलीत कुणी सांगितलं नाही, एका तुर्की शेजारणीने सांगितलं. आम्ही गिम्नाझियमच घेतलं. लेक आता तिथे नववीत आहे, उत्तम चाललंय. पण त्या दिवसापासून ती रस्त्यात माझ्याशी हळू आवाजात मराठी बोलायला लागली, ते आजतागायत.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद. चालायला जायचं, दुसरं काय.

नवऱ्याला इथे पहिल्या दिवसापासून खोली, टेबल, सहकारी मिळतील. तुम्हाला तसं काही आपोआप मिळणार नाही. मी पुण्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होते, आणि कुठल्याही प्रयोगशाळेच्या खिडकीखालून जाताना तो वास आला की अजून पाय थबकतात. या आपण, नक्की या. पण जर्मनचा वर्ग पुण्यातच लावा, आजपासून, तुम्ही आणि मुलगी दोघींनी. स्वतःच्या पदवीची भाषांतरं मुलीच्या दाखल्याबरोबरच करून घ्या, मागाहून म्हणून ठेवू नका. आणि शाळेच्या प्रत्येक बैठकीला स्वतः जा, निर्णय आमचा आहे हे वाक्य जर्मनमध्ये पाठ करून.