70-200 लेन्स हप्त्यांवर घ्यावी का?

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, शाळेकडून कबड्डी खेळते, मुलगा अडीच वर्षांचा. कॅननचा क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर आहे, सोबत 18-55 आणि 55-250 मिमी झूम लेन्स. हॉलमधले फोटो हललेले येतात. 70-200 एफ 2.8 लेन्स 1,85,000 रुपयांना मिळतेय, क्रेडिट कार्डावर 12 महिने नो-कॉस्ट ईएमआय. हातात पगार 78,000, गृहकर्जासह खर्च 62,000, बचत 1,10,000. घेऊ का? (रत्नागिरी)

उत्तर : आत्ता नको. हप्ता 15,417 रुपयांचा बसतो आणि तुमच्याकडे महिन्याला उरतात 16,000. राहिले 583. त्यात गॅसचं सिलिंडरही येत नाही. हाताशी असलेली बचत दोन महिन्यांच्या खर्चालाही पुरत नाही, तेव्हा तिला हात लावायचा नाही.

‘नो-कॉस्ट’मध्ये बँक व्याज घेतेच, तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा केलेली असते. पण व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याच माथी. दर 15 टक्के धरला तर व्याज साधारण 14,200 आणि जीएसटी 2,550, वर प्रोसेसिंग फी. रोखीने घेतलं तर किती सोडता, हेही दुकानदाराला विचारून बघा. खरा फरक तिथे कळतो.

आता फोटो का हलतात ते पाहू. चढाईला गेलेली मुलगी गोठवायला शटर 1/800 ते 1/1000 सेकंद लागतं. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. 55-250 पूर्ण लांबवली की एफ 5.6 वर येते, एफ 2.8 ला त्याच्या चौपट उजेड मिळतो. म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) 12800 लागतो तिथे 3200 मध्ये भागतं. स्टॅबिलायझर इथे कामाचा नाही, तो तुमचा हात सावरतो, खेळाडूची धाव नाही. मैदानावर उन्हात मात्र हीच 55-250 उत्तम चालते.

पण कबड्डीला 200 मिमी लागतंच कुठे? 85 मिमी एफ 1.8 घ्या. कॅमेरा उभा धरला तर आठ मीटरवर साधारण दोन मीटर उंची चौकटीत येते, अख्खी खेळाडू मावते. उजेड एफ 2.8 पेक्षाही दुपटीहून जास्त. अडचण एकच, झूम नाही. कोपऱ्यात जागा धरून बसावं लागेल. फोकस सर्व्होवर (हलत्या खेळाडूमागे सतत फोकस करणारा मोड) ठेवा आणि लेन्सचं छिद्र एफ 2 च्या आसपास, कारण पूर्ण उघडल्यावर आठ मीटरवर मागे-पुढे मिळून जेमतेम 60 सेंटिमीटरच स्पष्ट राहतं. हॉलच्या दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे एकाआड एक फोटो काळपट आले तर दोष लेन्सचा नाही. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (त्या लुकलुकण्याशी वेळ जुळवणारा पर्याय) असेल तर तो चालू करा.

घरातल्या धाकट्यासाठी 50 मिमी एफ 1.8 पुरे, ती सगळ्यात स्वस्त. 70-200 एफ 2.8 तिथे तशीही गैरसोयीची : वजन दीड किलोच्या घरात, आणि सव्वा मीटरच्या आत फोकस होत नाही.

85 मिमी जुनी मिळाली तरी हरकत नाही. दोन्ही टोकांकडून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, ते बघा. कोकणातून आलेली लेन्स असेल तर नक्कीच बघा. स्वतःची लेन्स पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आर्द्रता 40-50 टक्के.

जिल्हास्तरीय सामन्यांना 70-200 हवीच असेल तर दोन दिवस भाड्याने आणा, मात्र अनामत रक्कम आणि ये-जा खर्च आधी विचारून घ्या. उरलेल्या 16,000 पैकी 10,000 दरमहा आरडीत टाका. वर्षभराचं भाडं लेन्सच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या, म्हणजे 18,500 च्या वर गेलं, तर मला परत लिहा.