दक्षिण चीन समुद्रावर लिहायला घेतोयस ना?
अरे, ‘चीनने बेटं बळकावली’ असं सरसकट लिहू नकोस. आधी नकाशात मिसचीफ रीफ शोध. भरतीला पाण्याखाली जाणारा प्रवाळखडक तो. १९९५ मध्ये तिथे खांबांवरच्या झोपड्या दिसल्या, तेव्हा चीन म्हणाला, मच्छीमारांना निवारा! आज तिथे धावपट्टी आहे. २०१४ आणि २०१६ ची उपग्रहचित्रं शेजारी ठेवून बघ. निळ्या पाण्यात ड्रेजरने, म्हणजे समुद्रतळ उपसणाऱ्या जहाजाने, ओतलेली वाळू पांढरीफेक दिसते. मग हेगच्या लवादाचा २०१६ चा निवाडा वाच. कितीही भराव घाला, भरतीला बुडणाऱ्या असल्या खडकाला स्वतःचा १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळत नाही. खरी मेख तिथेच आहे. चीनच्या क्षेपणास्त्रांची नावं नंतर पाठ कर, ती सगळेच करतात. आणि हो, मिसचीफ रीफ ज्यात येतो, त्या स्प्रॅटली बेटसमूहात व्हिएतनामही भराव घालतोय, तेही लिही.