८३ वर्षांचे आजोबा दवाखान्यात आहेत, मला दोनच दिवस जाता येणार आहे. त्यांना बरं वाटावं म्हणून काय घेऊन जाऊ?

नवीन काहीही नेऊ नका, घरी राहिलंय ते न्या. चष्मा, कवळी, कानाचं मशीन, रोजची टोपी. फळांच्या पिशव्या तर नकोतच. किडनीचा त्रास असला तर साधं शहाळंसुद्धा पोटॅशियममुळे बाधतं.

तुमचा प्रश्न वाचून माझी आत्या आठवली, म्हणून सविस्तर लिहिते.

आत्या ८१ वर्षांची. मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. पहिले दोन दिवस जनरल वॉर्डात होती. शेजारच्या कॉटवर कवठेमहांकाळकडची एक बाई, तिच्याशी द्राक्षबागेपासून सुनांपर्यंत सगळ्या गप्पा. ऑपरेशन झाल्यावर माझ्या थोरल्या भावाने, दादाने, पुण्याहून फोनवरच स्पेशल रूम घ्यायला लावली. एसी, टीव्ही, सोबतीला येणाऱ्यासाठी सोफा. आत्या गप्प झाली. दुसऱ्या रात्री तिने सलाईन उपसून टाकलं आणि आजोबांना, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या तिच्या वडिलांना, हाका मारायला लागली. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कुठला?" ती नुसती बघत राहिली. डिमेंशिया, म्हणजे स्मृती हळूहळू जाण्याचा आजार असेल, असं ते म्हणाले. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "आता तिला काय कळतंय?"

ते वाक्य मला आजही टोचतं.

ऑपरेशनला नेताना तिचे दागिने, कवळी आणि कानाचं मशीन काढून आमच्या हातात दिलं होतं. दागिने वहिनीने त्याच दिवशी मोजून लॉकरला टाकले. बाकीचं एका प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कुणाच्या लक्षातही नाही. मशीन चालूच राहिलेलं, त्यामुळे सेल उतरलेला. मी जाऊन ३१२ नंबरचे सेल आणले. त्याची तपकिरी पट्टी काढायची, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. मशीन कानात घातलं, शिट्टी वाजली, जरा दाबून नीट बसवलं. आत्याने डोक्यामागे हात नेला आणि म्हणाली, "माझी वेणी कुणी सोडली गं?"

केसांचा पाठीखाली नुसता गुंता झाला होता. खोबरेल लावून, टोकाकडून एकेक बट सोडवत तासभर गेला. तेवढ्यात तिला वार सांगितला, ऑपरेशन झालंय हे सांगितलं, पायात रॉड का टाकलाय तेही सांगितलं. तोवर हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं, सगळे दारात उभे राहून तिच्याबद्दल आपापसात कुजबुजत होते. मग कवळी धुऊन बसवली आणि तिने चार दिवसांत पहिल्यांदा मऊभात चावून खाल्ला. संध्याकाळी वॉकर धरून उभी राहिली. दिवसा पडदे उघडे आणि रात्री टीव्ही-दिवे बंद, हे मी हट्टाने पाळलं. तिसऱ्या रात्रीपासून हाका थांबल्या.

आत्याला झाला तशा अचानक आलेल्या गोंधळाला डिलिरियम म्हणतात. तो एकाएकी येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, बहुधा रात्री बळावतो. डिमेंशिया महिनोन्‌महिने चढत जातो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात शेरॉन इनोये आणि सहकाऱ्यांनी सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली छापून आला. चष्मा, ऐकू येण्याची सोय, पाणी, झोप, चालवणं, वार-तारीख सांगत राहणं, एवढ्याच गोष्टी नेमाने केल्या तर डिलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. यात एसी कुठेही नाही. दादाला मी हे दाखवलंय. त्याचं उत्तर एकच, बिल मी भरलं. भरलंस, आणि ते मी कधी नाकारलंही नाही. पण तिच्या कानात आवाज जात नव्हता हे तुला पुण्यातून दिसणार नव्हतं, आणि जवळ असलेल्यांनी बघितलं नाही.

आता हेही सांगायला हवं की आत्याचं रक्तातलं सोडियम उतरलं होतं, त्यानेही असा गोंधळ होतो, आणि त्यावर उपचार चालू होते. दादा तेवढंच धरून बसतो. तेव्हा माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला तर आधी डॉक्टरांना सांगा. लघवीचा जंतुसंसर्ग, शौचाला न होणं, एखादं नवं औषध, कशानेही होतं. संसर्गासाठी वेगळी खोली सांगितली असेल तर वाद घालू नका. आयसीयूत असतील तर तिथले नियम पाळा. आणि कवळी घालण्याआधी, गिळायला त्रास नाही ना, हे सिस्टरना विचारा.

तुमचे दोनच दिवस आहेत, तर एक अख्खी दुपार फक्त त्यांच्याजवळ बसा. दाढी करून द्या. आणि निघण्याआधी घरी फोन करून विचारा, चष्मा आणि कवळीची डबी नक्की कुठल्या पिशवीत ठेवली आहे.