भाऊ, वावर विकू नका

भाऊ, तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. घाटंजी तालुक्यातलं गाव, सात एकर कोरडवाहू, थोरली लेक रसायनशास्त्रात पीएचडी करून आता हैदराबादला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करते. दिवाळीत ती घरी आली, तेव्हा तुमच्या ओळखीतून तालुक्याच्या कॉलेजात तिनं बीएस्सी पहिल्या वर्षाला मोलचा, म्हणजे रसायनातल्या अणू-रेणूंच्या मोजमापाचा, तास घेतला. पोरं गप्प बसली, मागच्या बाकावरची उठून गेली आणि बाहेर येऊन ती म्हणाली, "बाबा, मला शिकवता येत नाही." आता एका संस्थेत जागा निघणार आहे, तीन एकर विकून तिथं 'व्यवस्था' करावी का, असं तुम्ही विचारता. कारण, "एकदा पोरगी चिकटली की शिकवणं आपोआप येते."

लेकीनं मनातलं सांगितलं आणि तुम्ही वावराचा भाव काढून बसलात. या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच टोचलं. तिचं वय, लग्न, धाकट्याची फी, भावकीतला कोण कुठे लागला, हे सगळं तुम्ही लिहिलंय. तिला काय हवंय, हे चार पानांत कुठेच नाही. आयुष्य कापसाच्या भावावर काढलेल्या माणसाला पहिल्या तारखेचा पगार केवढा वाटतो, हे मी जाणतो. मीही पऱ्हाटी वेचलेल्या घरातलाच आहे. पण वावर विकून जागा घेतली, तर रोज वर्गात जाताना त्या तीन एकरांचं ओझं तिच्या डोक्यावर असेल. मग एखादा तास पुन्हा फसला, तर ती तुम्हाला सांगायचीच नाही.

आणि हे पैसे बिनापावतीचे असतात. अनुदानित जागेला सरकारची परवानगी लागते, नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता लागते, त्यानंतर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून पगार निघतो. यातलं एक जरी अडलं, तरी तुमच्या हातात दाखवायला कागदसुद्धा नसेल. हा व्यवहार गुन्हा आहे, देणाऱ्यासाठीही.

आता त्या 'आपोआप'बद्दल. पीएचडीच्या वर्षांत तिला संशोधन करायला शिकवलं, शिकवायला कोणीच शिकवलं नाही. ते अनुभवानं येतं असं आपण धरून चालतो, पण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात झालेला, २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. पदार्थविज्ञानाचे दोन मोठे वर्ग, प्रत्येकात अडीचशेच्या वर मुलं, एक आठवडा एकच विषय. एका वर्गाला वर्षानुवर्षं शिकवणारे, विद्यार्थ्यांचे आवडते प्राध्यापक होते. दुसऱ्याला एक पोस्टडॉक आणि एक संशोधक विद्यार्थिनी. या दोघांना फारसा अनुभव नव्हता, पण कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण मिळालं होतं: मुलांनी थोडं वाचून यायचं, वर्गात प्रश्न टाकायचा, आपसात बोलू द्यायचं, मग उत्तर उलगडायचं. नंतरच्या चाचणीत पहिल्या वर्गाची सरासरी ४१ टक्के आली, दुसऱ्याची ७४. नोबेल मिळवलेले कार्ल वायमन या कामात होते. तुमची लेक आज त्याच पोस्टडॉकच्या जागी उभी आहे, फक्त प्रशिक्षण मिळायचं राहिलंय.

तिनं मोल इंग्रजी स्लाइडवरून शिकवला, असं तुम्हीच लिहिता. समोरची पोरं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. पुढच्या खेपेला तिनं कुणाच्या तरी घरून युरियाची रिकामी बॅग मागवावी. तीवर नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के छापलेलं असतं, ते या पोरांनी लहानपणापासून पाहिलंय. फळ्यावर युरियाचं सूत्र लिहावं. रेणुवस्तुमान ६०, त्यात नायट्रोजनचे दोन अणू म्हणजे २८. २८ भागिले ६०, आले ४६ च्या जरा वर! मग ४५ किलोच्या बॅगेत नत्र किती, हा हिशेब जोडीजोडीनं करायला पाच मिनिटं द्यावीत आणि तोवर तिनं तोंड उघडू नये. नव्या शिक्षकाला हेच सगळ्यात जड जातं. पावणेएकवीस किलोच्या आसपास उत्तर येईल आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी आधी सांगेल. तास संपताना बिननावाची चिठ्ठी घ्यावी: आज काय कळलं नाही? वऱ्हाडीत लिहिली तरी चालेल. पुढचा तास त्या चिठ्ठ्यांपासून सुरू करावा.

अमेरिकेत पोस्टडॉकसाठी अशी योजना राबवली गेली, ज्यात तीन हिस्से वेळ संशोधनाला आणि एक हिस्सा शिकवण्याच्या तयारीला असे. तिनं आपल्या गाइडकडे जवळच्या एखाद्या कॉलेजात एक घटक शिकवायची परवानगी मागावी. अनुभवी शिक्षकाला मागे बसवावं, मोबाइलवर तास रेकॉर्ड करून स्वतः पाहावा. नेमणुकीनंतर विद्यापीठाच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या प्राध्यापकांचा महिन्याभराचा वर्ग असतोच, पण तिला तो धीर आत्ता हवाय.

नेट-सेट राहिली असेल तर द्यावी. पोस्टडॉक सोडून सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या तात्पुरत्या कामावर, येण्याची घाई मात्र नको. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत मुलाखतीला बोलावण्यासाठी जे गुण मोजतात, त्यात शिकवण्याच्या एका वर्षाला २ आणि पोस्टडॉकच्या वर्षालाही २ च, एकूण १० पर्यंत. म्हणजे तिची वर्षं वाया जात नाहीयेत.

आज रात्री तिला फोन करा. जागेचं काढू नका. त्या तासाला नेमकं काय झालं, कुठे अडलं, एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. वावराचा इसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर याच आठवड्यात परत करा.