पाण्याखालची स्कूटर मुंबईहून न्यावी की तिथेच भाड्याने घ्यावी?

प्रश्न : मी केव्ह डायव्हिंगचे प्रशिक्षण पूर्ण केले असून, या हिवाळ्यात मेक्सिकोतील तुलुमजवळच्या सेनोतेंमध्ये, म्हणजे चुनखडीतील जलमय गुहांमध्ये, उतरणार आहे. एका मित्राची वापरलेली स्कूटर, म्हणजे पाण्याखाली हातात धरल्यावर मोटर आणि पंख्याच्या जोरावर आपल्याला ओढत नेणारे यंत्र, मला विकत मिळत आहे. ती मुंबईहून विमानाने नेता येईल, की तिथे भाड्याने घेणे बरे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : सौदा पक्का करण्यापूर्वी बॅटरीवरचे लेबल वाचावे. त्यावरील व्होल्टला अँपिअर-अवरने गुणले की वॅट-अवर मिळतात. लिथियम बॅटरी १०० वॅट-अवरपर्यंत असेल तर ती केबिन बॅगेत नेता येते. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि सुट्या बॅटऱ्या दोनच चालतात. १६० च्या वर प्रवासी सामानात तिला कोठेच जागा नाही. गुहेत वापरायच्या स्कूटरची बॅटरी बहुधा ५०० वॅट-अवरच्याही पुढची असते. अशी बॅटरी धोकादायक माल म्हणून कार्गोने, ३० टक्क्यांहून अधिक चार्ज न ठेवता पाठवावी लागते, आणि त्या खटाटोपात सुट्टीचा उत्साहच संपतो. काही स्कूटर ड्रिल मशीनच्या बॅटऱ्यांवर चालतात. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची अशी बॅटरी ९० वॅट-अवरची भरते आणि टोकांना चिकटपट्टी लावून केबिनमध्ये नेता येते. मित्राची स्कूटर त्या जातीची नसेल, तर माझ्या मते भाड्याचाच मार्ग धरावा.

मात्र भाड्याने देणारा जाणकार असेल, तर तो गुहेतील स्कूटरचे वेगळे प्रमाणपत्र मागेल आणि ते योग्यच आहे. पोहणारा मिनिटाला साधारण १५ मीटर जातो, तर स्कूटर सुमारे ४५ मीटर. आपल्या पाठीवर ११ लिटरच्या दोन टाक्या २०० बार दाबापर्यंत भरलेल्या आहेत, म्हणजे ४,४०० लिटर हवा आहे, आणि २० मीटर खोलीवर मिनिटाला ६० लिटर खर्च होते असे धरा. नेहमीच्या एक-तृतीयांश नियमाने, म्हणजे एक-तृतीयांश हवा खर्च होताच मागे वळायचे या हिशेबाने आत गेलात, तर २४ मिनिटांत १,०८० मीटर गाठाल. तिथे मोटर बंद पडली, तर पोहत बाहेर यायला ७२ मिनिटे आणि ४,३२० लिटर हवा लागेल. टाक्यांत उरलेली असेल जेमतेम २,९३० लिटर. म्हणूनच स्कूटरवर अनेक जण एक-षष्ठांश हवा खर्च होताच मागे वळतात. प्रशिक्षणात शिकवलेला आकडा इथे जसाच्या तसा लावू नये.

आपला सराव मालवणच्या किंवा अंदमानच्या समुद्रात झाला असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समुद्राच्या पाण्यात तरंगणार नाही आणि बुडणारही नाही अशी वजन जुळवून बसवलेली २५ किलोची स्कूटर गोड्या पाण्यात सुमारे ६०० ग्रॅमने जड होते आणि नाक खाली घालते. सेनोतेत तर वर गोडे पाणी आणि खाली खारे; त्यामुळे गोड्या पाण्यात नीट बसवलेली तीच स्कूटर खाली गेल्यावर हात वर ओढू लागते. दोन थरांच्या सीमेवर पंख्याने पाणी घुसळले, की तेल मिसळल्यासारखे धूसर दिसते आणि मागून येणाऱ्याला बाहेरची वाट दाखवणारी दोरी दिसेनाशी होते. तेव्हा स्कूटर ताब्यात घेतल्यावर पहिला सराव उघड्या तोंडाच्या कुंडातच करावा आणि तिथेच मोटर मुद्दाम बंद करून ती ओढत पोहून पाहावे.